समुद्र न पाहिलेले सॅमन

शुक्रवार : सेबॅगो

नायगाऱ्याचा बेत बाबांनी एका वाक्यात निकालात काढला. "पाणी वरून खाली पडतं ते मी आंबोलीला पाहिलंय. मला हॅचरी दाखवा."

बाबा म्हणजे माझे सासरे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात त्यांची सगळी नोकरी गोड्या पाण्यात गेली. कटला, रोहू, मृगळ, मत्स्यबीज केंद्रं (इथल्या भाषेत हॅचरी), तलावांचे ठेके आणि सहकारी संस्थांची भांडणं. नवऱ्याला रजा नव्हती, मला होती. म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सून-सासरे मॅसॅच्युसेट्सहून गाडी काढून अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यात निघालो. मागच्या सीटवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बाबांची स्टीलची फूटपट्टी.

आम्ही जो मासा बघायला निघालो होतो त्याला इथे लँडलॉक्ड सॅमन म्हणतात. जात अटलांटिक सॅमनचीच, साल्मो सालार. सुपरमार्केटात नॉर्वेचं लेबल लावून मिळतो तोही हाच. फरक एवढाच की अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो, तर या मंडळींनी समुद्राचा नाद सोडला आहे. नदी-ओढ्यात जन्मायचं, तळ्यात वाढायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा ओढ्यात जायचं. मेनमध्ये ते मुळात चारच नद्यांच्या खोऱ्यांत होते: सेंट क्रॉय, युनियन, पेनॉब्स्कॉट आणि प्रिझम्पस्कॉट. आज राज्यभरच्या तळ्यांत जे दिसतात ते माणसाने नेऊन सोडलेले, नाहीतर त्यांची पिलावळ. १९६९ साली मेनने याला राज्यमासा करून टाकलं.

सेबॅगो तळं प्रिझम्पस्कॉट खोऱ्यात येतं. १८५३ साली शार्ल जिरार या शास्त्रज्ञाने इथल्याच माशावरून याला वेगळी जात ठरवून 'साल्मो सेबॅगो' नाव दिलं होतं. जात पुढे रद्द झाली. तळं मोठं आहे, तीनशे फुटांहून खोल, आणि पोर्टलंड शहर याचंच पाणी पितं. १९०७ साली इथे गळाला लागलेला साडेबावीस पौंडांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा मासा अजून राज्याचा विक्रम आहे.

साँगो नदी तळ्याला मिळते तिथे सकाळपासून माणसं उभी होती. काठावर मेनच्या मत्स्य खात्याची एक तरुण मुलगी पाटीवर कागद लावून प्रत्येकाला विचारत होती, किती वेळ गळ टाकला, काय मिळालं, काय सोडून दिलं. एका म्हाताऱ्याच्या बर्फपेटीत दोन मासे होते. तिने ते फळीवर ठेवले, मोजले, तोलले आणि सुरीच्या टोकाने चार खवले काढून पाकिटात घातले. खवल्यावरची वर्तुळं मोजून वय काढतात. बाबांनी मला कोपराने ढोसलं. "विचार तिला, आम्ही बघितलं तर चालेल का."

चाललं. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं, तिचं मेनचं, पण मासा मध्ये असला की अडत नाही.

दोन माशांतला एक टोग होता. इथे लेक ट्राउटला टोग म्हणतात. काळपट अंगावर फिकट ठिपके आणि शेपटी खोल दुभंगलेली. सॅमन बरोबर उलटा: चंदेरी अंगावर काळे ठिपके, बरेचसे फुलीसारखे, आणि शेपटीला जेमतेम खाच. ब्रूक ट्राउट तर पोरंही ओळखतात, त्याच्या परांची पुढची कड पांढरी असते आणि पाठीवर वाळवीने कोरल्यासारखी नक्षी. गल्लत होते ती ब्राउन ट्राउटशी. तो सॅमनचा सख्खा चुलतभाऊ, तळ्यात राहून तोही चंदेरी होतो आणि भलेभले फसतात.

मुलीने सॅमनचं तोंड मिटवून दाखवलं. वरच्या जबड्याचं हाड डोळ्याच्या मागच्या कडेच्या आसपास संपतं. ब्राउनमध्ये ते डोळ्याच्या बरंच मागे जातं. "पण थोराड नराचा जबडा लांबतो, तेव्हा यावर विसंबू नका," ती म्हणाली. मग शेपटीचा बुंधा. सॅमनचा बारीक आणि कडक असतो, तिथे धरून मासा उचलता येतो. ब्राउनचा जाड, हातातून सुटतो. शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो बोटाच्या पेराएवढा मऊ पर असतो त्यावर ब्राउनला बहुधा नारिंगी-लाल झाक असते, सॅमनला नसते. आणि एवढ्यानेही शंका फिटली नाही तर तोंडात बोट घालायचं. टाळूच्या मधोमध जी दातांची ओळ असते ती सॅमनमध्ये एकेरी, विरळ, नाजूक. ब्राउनमध्ये दुहेरी, नागमोडी आणि चांगली बोचणारी.

बाबांनी लगेच बोट घातलं. तिला ते फार आवडलं असावं, कारण पुढची पंधरा मिनिटं ती दुसऱ्या कुणाकडे गेलीच नाही.

सेबॅगोची खरी गोष्ट त्या फळीवरच्या टोगची होती. टोग मूळचा इथला नाही. १९७२ साली, खोल पाण्यात आणखी एक मोठा मासा मिळावा म्हणून खात्याने स्वतःच तो सोडला. तो इथे रुळला, आपोआप वाढू लागला आणि सॅमनच्या ताटात जेवू लागला. ताट म्हणजे स्मेल्ट, करंगळीएवढा चंदेरी मासा. ताजा असला की त्याला चक्क काकडी कापल्यासारखा वास येतो. सॅमनचं वजन, लांबी, चरबी, सगळं या स्मेल्टवर चालतं. आता तेच खातं लोकांना सांगतं की लहान टोग हवे तेवढे न्या. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर टोग कमी करायला स्पर्धा भरवतात. सोडायला एक ट्रक पुरला होता, काढायला पन्नास वर्षं पुरली नाहीत. बाबा तिलापियाबद्दल काहीतरी पुटपुटले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी साँगोचं जुनं लॉक, म्हणजे होड्या वर-खाली करणारं जलद्वार, पाहिलं. १८३० सालचं, कालव्यावरचं, अजून माणसं हाताने दांडा ढकलून दारं उघडतात.

शनिवार : रेंजली

रमफर्डनंतर रस्ता १७ चढू लागतो आणि 'हाइट ऑफ लँड' नावाच्या वळणावर अचानक खाली मूसलूकमेगंटिक तळं पसरतं. हे नाव बाबांनी संध्याकाळपर्यंत पाठ केलं आणि रात्री फोनवर आईंना म्हणून दाखवलं. डोंगरांच्या सावलीत अजून बर्फ होता. काळ्या माश्या मात्र हजर होत्या, कानामागे रक्त काढणाऱ्या. डोक्यावरून जाळी घेतली तरच उभं राहता येतं.

रेंजली म्हणजे या देशातल्या गळ-शौकिनांचं जुनं तीर्थक्षेत्र, आणि त्याच्या इतिहासात दोन बायका ठळक आहेत. कॉर्नेलिया क्रॉस्बी, टोपणनाव 'फ्लाय रॉड'. १८९७ साली मेनने गाइडांना परवाना सक्तीचा केला तेव्हा पहिला परवाना हिला मिळाला. दुसरी कॅरी स्टीव्हन्स. ही टोप्या शिवणारी बाई, पिसांवर हात बसलेला. १ जुलै १९२४ रोजी अप्पर डॅमपाशी तिने स्वतः बांधलेल्या फ्लायवर, म्हणजे हूकला पिसं बांधून केलेल्या नकली आमिषावर, ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट पकडला आणि एका मासिकाच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळवलं. तिची 'ग्रे घोस्ट' ही फ्लाय आज जगभर विकली जाते. लांब, करडी, सडपातळ. काय आहे ती? पाण्यात पोहणारा स्मेल्ट. ओकॉसॉकच्या छोट्या संग्रहालयात तिच्या फ्लायज काचेमागे आहेत. बाकीचे लोक चिमट्यात हूक अडकवून बांधतात, ही नुसत्या हातात धरून बांधायची. मी बराच वेळ तिथेच घालवला. एरवी मला मासेमारीच्या सामानात काडीचा रस नाही.

पण बाबा अडकले दुसऱ्याच गोष्टीत.

रेंजलीच्या तळ्यांत मुळात सॅमन नव्हतेच. इथे ब्रूक ट्राउट होते, अवाढव्य, आणि त्यांचं खाणं म्हणजे ब्लूबॅक ट्राउट, 'आर्क्टिक चार' नावाच्या माशाचा एक छोटा भाऊबंद. ऑक्टोबरात ब्लूबॅक ओढ्यांत इतके यायचे की लोक टोपल्या भरून न्यायचे आणि खारवून ठेवायचे. १८७० च्या दशकात कुणाला तरी वाटलं, इथे सॅमन का नको? सोडले. सॅमनला खायला हवं म्हणून पुढे स्मेल्टही आणून सोडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेंजलीतून ब्लूबॅक संपला. थोडे सॅमनने खाल्ले, थोडे स्मेल्टशी झालेल्या स्पर्धेत गेले, थोडे टोपल्यांत गेले. त्याचे नातलग मेनच्या उत्तरेकडच्या काही दूरच्या तळ्यांत अजून तग धरून आहेत. इथे नाहीत.

"कावेरी," बाबा एवढंच म्हणाले.

मग गाडीत सगळं सांगितलं. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात गेली पन्नास वर्षं महसीर माशाची अंडी काढून पिल्लं वाढवतात. सह्याद्रीतल्या नद्यांवर धरणं झाली, महसीर कमी झाले, म्हणून हे सुरू झालं आणि त्या कामाचं देशभर नाव आहे. त्यातली निळ्या परांची पिल्लं १९७० च्या दशकात कावेरीतही गेली. कावेरीत मूळचा कुबड असलेला महसीर होता, पन्नास किलोंपर्यंत जाणारा, गळवाल्या साहेबांच्या जुन्या फोटोंतला. पुढे कुबड्या दिसेनासा होत गेला आणि निळ्या परांचा भरपूर झाला. अभ्यासकांचा रोख याच संचयनाकडे, म्हणजे बाहेरची पिल्लं सोडण्याकडे आहे. गंमत म्हणजे कुबड्याला शास्त्रीय नाव नक्की कोणतं हे २०१८ साली ठरलं, तोवर तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत बसायच्या लायकीचा झाला होता.

"आपण सोडताना मासे मोजतो," बाबा म्हणाले, "आधी तिथे कोण राहतंय ते कोण मोजतो?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मोजायचात?"

"आम्हाला उद्दिष्ट यायचं, अगं. अमुक लाख बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, एकतीस मार्चच्या आत."

आता रेंजलीचे सॅमन मूळचे नाहीत हे खरं, पण दीडशे वर्षांत ते इथलेच झालेत. केनेबागो नदीत ते स्वतः घरटी करतात. मादी शेपटीने गोटे उधळून खड्डा करते, अंडी घालते, पुन्हा गोट्यांनी झाकते. मूसलूकमेगंटिकमध्ये त्यामुळे वरून पिल्लं सोडायची गरजच उरलेली नाही. त्यांना आता उपरे म्हणून काढायचं कुणाच्याही मनात नाही. टोगला जो न्याय सेबॅगोत लावला तो सॅमनला इथे लागत नाही, कारण सॅमन लोकांना आवडतो. मत्स्यशास्त्रात हे कारण लिहीत नाहीत, पण असतं तेच.

रविवार

दिवसभर गाडी. रेंजलीहून बँगॉर, लिंकन, टॉप्सफील्ड. झाडं, झाडं, लाकडाचे ट्रक, मूस या धिप्पाड हरणापासून सावध राहण्याच्या पाट्या. मूस एकही नाही. लिंकनच्या अलीकडे रस्त्याकडेला एक माणूस नेच्याचे कोवळे गुंडाळलेले कोंब पिशव्यांत विकत होता. मे महिन्यातली इथली रानभाजी. उकळून, पाणी टाकून मगच खायची, असं त्याने तीनदा बजावलं.

ग्रँड लेक स्ट्रीमला वळण्याआधी पासामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांची वस्ती लागते. सेंट क्रॉय नदीवरचं एक भांडण इथलं आहे. समुद्रातून अंडी घालायला येणारा एलवाइफ नावाचा मासा वर आला की तळ्यातले 'बास' मासे संपतात, असं गाइडांचं म्हणणं पडलं, म्हणून १९९५ साली कायदा करून धरणांवरचे मासे-जिने बंद केले गेले. २०१३ साली पासामाक्वॉडींच्या रेट्याने दुसरा कायदा होऊन ते उघडले. मासा तोच, नदी तीच, विधानसभा दोनदा बसली. बाबांना हे ऐकून घरच्यासारखं वाटलं.

सोमवार : ग्रँड लेक स्ट्रीम

गावाचं आणि ओढ्याचं नाव एकच. वस्ती शंभर-सव्वाशे, एक दुकान, ओढ्यावर धरण, आणि धरणाला लागून राज्याची हॅचरी. ओढा तीनेक मैलांचा, वेस्ट ग्रँड तळ्यातून निघून बिग लेकला मिळतो. इथे फक्त फ्लायने मासे पकडायची परवानगी आहे. सकाळी सहाला गेलो तर धरणाखाली कंबरभर पाण्यात माणसं हातहातभर अंतरावर उभी, कुणी कुणाशी बोलत नाही. आज गाव शांत असलं तरी एकोणिसाव्या शतकात इथे कातडी कमावण्याचा प्रचंड कारखाना होता, हेमलॉक झाडाच्या सालीवर चालणारा. ओढ्याचं तेव्हा काय होत असेल ते सांगायला नको. सॅमन त्यातून टिकले.

टिकले त्यात चार्ल्स ॲटकिन्स या माणसाचा मोठा वाटा. १८७० च्या दशकात त्याने इथे सॅमनची अंडी काढून उबवायला सुरुवात केली. मेनचे सॅमन इतर राज्यांत गेले, देशाबाहेर गेले. १९०४ साली अमेरिकेतून बोटीने अर्जेंटिनाला जी अंडी गेली त्यांत याच माशाची अंडी होती. पॅटागोनियात आज जे लोक लाखो रुपये खर्चून सॅमन पकडायला जातात ते मेनचेच वंशज पकडतात.

हॅचरीत येणाऱ्यांना मज्जाव नाही. बाबा आत शिरले आणि पहिल्यांदा पाण्यात हात घातला. "फ्रीजमधलं आहे," म्हणाले. सिमेंटच्या लांबट टाक्यांतून तळ्याचं पाणी सतत वाहत होतं. एका बाजूला नुकतं खायला लागलेली, सुईएवढी पिल्लं. दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीची, सहा-सात इंचांची, आता ट्रकमध्ये चढायला तयार असलेली. बाबांच्या भाषेत सांगायचं तर इकडे मत्स्यबीज, तिकडे बोटुकली. पण आपली बोटुकली दोन-तीन महिन्यांत तलावात जाते. हे सव्वा वर्ष पोसतात.

तिथल्या कर्मचाऱ्याला बाबांनी पिट्युटरीच्या इंजेक्शनाबद्दल विचारलं. आपल्याकडे कार्पला बंद पाण्यात अंडी घालायला लावायची तर इंजेक्शन टोचावं लागतं, त्यावर आख्खा मत्स्यव्यवसाय उभा आहे. तो गृहस्थ हसला. इथे काही टोचत नाहीत. नोव्हेंबरात सॅमन स्वतःच येतात. जाळ्यात घेऊन, गुंगी देऊन, मादीच्या पोटावरून अंगठा फिरवला की अंडी परातीत. त्यावर नराचं वीर्य, थोडं हलवायचं, मग पाणी. मासे मरत नाहीत, परत तळ्यात सोडतात. पॅसिफिकच्या सॅमनसारखं एकदा अंडी घातली की संपलं, असं याचं नाही. अंडी मग हिवाळाभर त्या बर्फगार पाण्यात पडून असतात. वाटाण्यापेक्षा थोडी लहान, नारिंगी. काही आठवड्यांनी आत दोन काळे डोळे दिसतात. वसंतात फुटतात.

मग त्याने एक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि उलटं केलं. पोटाखालच्या दोन परांतला उजवा नव्हता. जागेवर एक गुळगुळीत, बारीक शिवण. "कात्रीने," तो म्हणाला. गुंगी दिलेल्या पिल्लांचा एक-एक पर हाताने कापतात. या वर्षी उजवा, पुढच्या वर्षी डावा, त्यापुढे पाठीवरचा मऊ छोटा. म्हणजे तीन वर्षांनी तळ्यात सापडलेला मासा कोणत्या साली सोडलेला होता ते नुसतं बघून कळतं, खवलेसुद्धा काढावे लागत नाहीत. नीट मुळापासून कापला तर पर उगवत नाही. अर्धवट कापला तर वेडावाकडा उगवतो, तीही खूणच. आणि ज्याचे सगळे पर कोरेकरकरीत, कडा धारदार, तो बहुधा ओढ्यात जन्मलेला. हॅचरीच्या माशाचे पर सिमेंटला घासून कडेला झिजलेले असतात.

बाबांनी फूटपट्टी काढली. त्या पिल्लाची लांबी मोजली, कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन. उगाच. मोजल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

नंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "एकरी किती सोडता?"

उत्तर ऐकून त्यांनी मला ते दोनदा विचारून घ्यायला लावलं. एकरामागे एखादं-दुसरं. पुष्कळ तळ्यांत तेवढंही नाही, कित्येक एकरांना एक. आपल्याकडे जलाशयात हेक्टरी शेकड्यांनी सोडतात. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढी माणसं, सव्वा वर्षाचं खाणं, आणि तळ्यात एवढेच?

"जास्त सोडले तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"स्मेल्ट संपतात," तो म्हणाला.

सगळं व्यवस्थापन या दोन शब्दांत आहे. कटला, रोहू, मृगळ पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांवर नाहीतर तळाच्या कुजक्या खाण्यावर जगतात. खत घातलं, पाणी हिरवं झालं की जेवण वाढतं. सॅमन शिकारी आहे, आणि त्याची शिकार बहुतेक एकाच माशावर. थंड, स्वच्छ, गरीब पाण्यात स्मेल्ट ठरावीकच होतात. सॅमन दुप्पट केले तर दुप्पट मासा मिळत नाही, निम्म्या वजनाचे मिळतात. डोकं मोठं, अंग बारीक. त्यात स्मेल्टचा ताळेबंद एकदा कोलमडला की सावरायला वर्षं लागतात. म्हणून इथले जीवशास्त्रज्ञ दर काही वर्षांनी मासे मोजतात, लांबीच्या घनाने वजनाला भागून अंगकाठीचा आकडा काढतात, आणि तो घसरला तर आधी संचयन कापतात. बाबा हाच कंडिशन फॅक्टर तीस वर्षं रजिस्टरात भरत होते. "आम्ही काढायचो," ते बाहेर येताना म्हणाले, "पण तो कमी आला म्हणून कुणी बीज कमी सोडलेलं मला आठवत नाही."

यात एक बाजू मला पटते, एक पटत नाही. इथे कुणाचं पोट या माशावर नाही. तळ्यात किलो काढायचे नसून आनंद काढायचा आहे, म्हणून एकरी एक मासा परवडतो. परवान्याच्या पैशातून यातलं बरंचसं चालतं. उजनीच्या काठावरच्या भोई कुटुंबाला हा हिशेब सांगून उपयोग नाही. पण भाकरी किती आहे हे बघून पाहुणे बोलवावेत, एवढा भाग कुठेही लागू पडतो.

मंगळवार : वेस्ट ग्रँड तळं

गाइड सत्तरीचा, मोजकं बोलणारा. होडी 'ग्रँड लेकर' पद्धतीची: वीसेक फूट लांब, लाकडी, मागची बाजू छाटलेली, तिथे छोटं इंजिन. ही घडण याच गावची आणि अजून गावातच बनते. तळ्याचं पाणी इतकं स्वच्छ की दहा-बारा फुटांवरचे धोंडे दिसत होते. मे महिन्यात पाणी थंड असतं म्हणून सॅमन वरच्या थरात असतात. जुलैत पाणी तापलं की खोल जातात. आम्ही मागे दोन दोऱ्या सोडून संथ फिरत होतो, टोकाला ग्रे घोस्टची चुलत बहीण शोभेल अशी एक फ्लाय. लून पक्षी मधूनमधून ओरडत होते. त्यांच्या पोटात शिशाची वजनं जातात म्हणून मेनमध्ये लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे, गाइडकडे सगळी कथलाची होती.

बाबांच्या हातातला रॉड वाकला तेव्हा ते काही बोलले नाहीत. मासा बोलला. पाण्याबाहेर तीनदा उडाला, एकदा नावेपेक्षा उंच. लोक या माशामागे वेडे का होतात ते मला तिथे कळलं. कार्प ओढतो, हा उडतो. जाळीत आल्यावर गाइडने शेपटीचा बुंधा पकडून धरला आणि बाबांनी आधी डोळ्यामागे जबडा पाहिला, मग पोटाखाली. डावा पर नव्हता. "दोन वर्षांपूर्वीचा असावा," गाइड म्हणाला आणि खिशातल्या वहीत लिहून ठेवलं. खातं गाइडांना आणि हौशींना अशा वह्या देतं, वर्षाखेरी गोळा करतं.

फूटपट्टीवर साडेपंधरा इंच. राज्याचा सर्वसाधारण नियम चौदा इंचांखालचा सॅमन ठेवायचा नाही असा आहे, दिवसाला दोन. तळ्यातळ्याचे वेगळे नियम निराळे, ते पुस्तिकेत बघूनच जावं. मला वाटलं गाइड सोडून देईल, कारण आजकाल बहुतेक लोक सोडतातच. त्याने ठेवला. वर म्हणाला, सगळेच सोडायला लागले तर आम्ही स्मेल्ट कुठून आणू? सोडून देणं म्हणजेच पुण्य, ही समजूत इथल्या जीवशास्त्रज्ञांची नवी डोकेदुखी आहे. काही तळ्यांत ते लोकांना अक्षरशः विनवतात, बाबांनो, लहान मासे खा.

दुपारी एका बेटावर चूल पेटली. गाइडने मासा साफ केला तेव्हा बाबांनी पोटाची पिशवी मागून घेतली आणि सपाट दगडावर नखाने उघडली. आत चार स्मेल्ट, दोन जवळजवळ शाबूत, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. चांदीची पट्टी अजून चमकत होती. बाबांनी त्यांचीही लांबी घेतली.

मासा, बटाटे, कांदा, आणि किटलीत अंडं फोडून उकळलेली कॉफी. अंड्याने गाळ खाली बसतो. बाबांनी खिशातून मालवणी मसाल्याची पुडी काढली, गाइडने वास घेतला, चिमूटभर आपल्याही तुकड्यावर टाकली आणि उरलेली पुडी मागून घेतली. मेनच्या तळ्यांतल्या माशांत पारा असतो, कोळशाच्या धुरातून हवेने येणारा. म्हणून आरोग्य खात्याचा सल्ला असा: गरोदर, स्तनदा बायकांनी आणि आठ वर्षांखालच्या मुलांनी गोड्या पाण्यातले मासे टाळावेत. अपवाद ब्रूक ट्राउट आणि लँडलॉक्ड सॅमनचा, तेही महिन्यातून एकदा. इतरांना हे दोन आठवड्यातून एकदा चालतात. एवढ्या निर्मळ दिसणाऱ्या पाण्यात हे वाचून चमकायला होतं.

बुधवार : ओर्लंड, बँगॉर आणि घर

परतताना ओर्लंडची क्रेग ब्रूक हॅचरी. केंद्र सरकारची, १८८९ पासूनची, तीही ॲटकिन्सनेच उभी केलेली. इथे समुद्रात जाणारा सॅमन वाढवतात. काल आम्ही ज्याला तळून खाल्लं त्याच जातीचा हा मासा. पण मेनच्या नद्यांतला समुद्री सॅमन २००० साली संकटग्रस्तांच्या यादीत गेला, २००९ साली ती यादी पेनॉब्स्कॉटसकट मोठ्या नद्यांपर्यंत वाढली, आणि त्याला पकडणं आज गुन्हा आहे. चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडायचा.

मग नदीच्या खालच्या भागात, जिथे दोन्ही असू शकतात, तिथे ओळखायचं कसं? बाबांनी हाच प्रश्न तिथल्या बाईंना विचारला. जबडा, शेपटी, टाळूचे दात, सगळ्या खुणा सारख्याच, कारण जातच एक. तेव्हा कायद्याने लांबी धरली आहे. अशा ठरावीक पाण्यांत २५ इंचांवरचा कोणताही सॅमन किंवा ब्राउन ट्राउट सोडून द्यायचा. समुद्रात जाऊन आलेला मासा तेवढा मोठा होतोच, तळ्यातला क्वचित. बाबांना हा तोडगा फार पसंत पडला. "फूटपट्टीचं काम," म्हणाले.

बँगॉरला पेनॉब्स्कॉटच्या काठी थोडा वेळ थांबलो. १९१२ पासून इथे मोसमात गळाला लागलेला पहिला सॅमन राष्ट्राध्यक्षांना पाठवायची प्रथा होती. १९९२ साली शेवटचा गेला. २०१२ आणि २०१३ साली खालची दोन धरणं पाडली, तेव्हापासून मासे थोडे अधिक वर येतात, ते मोजतात, पकडत नाहीत.

कुणाला जायचं असेल तर मेचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर धरा. जाळीची टोपी न्याच. परवाना ऑनलाइन निघतो, सोळा वर्षांखालच्यांना लागत नाही. बँगॉरहून पुढे फोनला रेंज विसरा. आणि हॅचरीत नोव्हेंबरात अंडी काढतात तेव्हा जायचं असेल तर आधी फोन करून तारीख विचारा, मासे कॅलेंडर बघून येत नाहीत. बाबांनी त्यासाठी व्हिसा वाढवता येतो का ते नवऱ्याला विचारायला सांगितलं आहे.